पेन्सिलीनं लिहिलेली नावं

वसईच्या आमच्या चर्चमध्ये एक लोखंडी कपाट आहे. त्यातल्या एका जाड वहीत माझ्या स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची ओळ आहे. माझं नाव, आईबापाचं नाव, जन्मतारीख, धर्मपिता, धर्ममाता, पाणी कोणत्या फादरनी घातलं, सगळं एकाच ओळीत. मठात जायच्या वेळी तिची नक्कल हवी होती, तेव्हा ऑफिसातल्या काकांनी दोन मिनिटांत वही उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं की वहीत ओळ पडायचीच, आमच्याकडे लग्नाची बोलणीसुद्धा त्या नकलेशिवाय पुढे सरकत नाहीत. त्या वहीची किंमत कळायला मला वही नसलेल्या देशात जावं लागलं.

1993 च्या सप्टेंबरात मी इटलीतल्या बारीहून रात्रीच्या बोटीनं निघाले आणि सकाळी अल्बेनियात, दुर्रेस बंदरात उतरले. त्याच वर्षी एप्रिलच्या 25 तारखेला पोप जॉन पॉल दुसरे तिथं येऊन गेले होते. श्कोदरच्या कॅथीड्रलमध्ये त्यांनी चार बिशपांना दीक्षा दिली. त्यांतले महागुरुस्वामी फ्रानो इलिया यांना 1968 मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली होती. ती पुढे पंचवीस वर्षांच्या कैदेवर आली. ज्या माणसाला मारायचं ठरलं होतं त्याच्या हातात आता बिशपचा दंड होता. मी गेले ते अशा देशात.

बंदरापासून उत्तरेला श्कोदरकडे जाताना शेतात, डोंगरउतारावर, दफनभूमीच्या कडेलासुद्धा काँक्रीटचे करडे घुमट दिसायचे, पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तसे. शत्रू येईल म्हणून बांधलेले बंकर. शत्रू कधी आलाच नाही. मुलं त्यांत लपाछपी खेळत होती, कुणी कोंबड्या ठेवल्या होत्या. रस्त्याकडेच्या काचगृहांच्या काचा फुटलेल्या, सहकारी शेतीच्या गोदामांची कौलं गायब. राजवट कोसळली तेव्हा लोकांनी सरकारी म्हणून जे जे होतं ते रागानं मोडलं, त्यात शाळांची दारं-खिडक्याही गेल्या. एक म्हातारा मला म्हणाला होता, "आम्हाला आमचं काय आणि त्यांचं काय हेच कळेनासं झालं होतं."

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. 1967 च्या फेब्रुवारीत देशाचे कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजा यांनी धर्माविरुद्ध मोहीम सुरू केली आणि त्या वर्षाअखेर देशातली सगळी प्रार्थनास्थळं बंद झाली. चर्च, मशिदी, मठ, बेक्ताशी या सूफी पंथाच्या फकिरांचे तेक्के मिळून 2,169 हा आकडा सांगितला जातो. कुठं गोदाम झालं, कुठं सिनेमागृह. श्कोदरच्या कॅथीड्रलमध्ये बास्केटबॉल खेळू लागले. 1976 च्या संविधानात कलमच घातलं: राज्य कोणताही धर्म मानत नाही आणि नास्तिकतेच्या प्रचाराला पाठबळ देतं. शाळेत उपासाच्या दिवसांत मुलांना मुद्दाम दूध किंवा मांस द्यायचे आणि कोण नको म्हणतं ते पाहायचे. मुलाच्या तोंडून घर पकडायचं. 1971 मध्ये फादर श्त्येफेन कुर्ती यांना गोळ्या घातल्या. त्यांनी एका बाळाला बाप्तिस्मा दिला होता.

माझ्या वाट्याला झाद्रिमा भागातली सहा खेडी आली. लेझ आणि श्कोदर यांच्या मधला हा सपाट पट्टा आणि त्याच्या कडेचे डोंगर. चर्चची इमारत जवळजवळ पंचवीस वर्षं मक्याचं कोठार होती. भिंतींना अजून धान्याचा वास होता आणि वेदीच्या जागी वजनकाट्याचा चौथरा. आमचे फादर इटालियन, साठीतले, शिस्तीचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक कोरी वही माझ्या हाती दिली. म्हणाले, "सिस्टर, जुनी दफ्तरं जाळली गेलीत. या सहा गावांत कुणाचा स्नानसंस्कार झालाय, कुणाचा नाही, हे कुणालाच माहीत नाही. तुम्ही घरोघर जा आणि विचारा."

काम ऐकायला सोपं होतं. नियम मला पाठ होते. अडचणीच्या वेळी पुरोहित नसेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, आजी, शेजारीण, स्वतः बाप्तिस्मा न झालेला माणूससुद्धा, चर्च जे करतं तेच करायचा हेतू असला म्हणजे झालं. डोक्यावर पाणी पडायला हवं आणि त्याच वेळी तोंडानं शब्द उच्चारले जायला हवेत: पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. एक भरवशाचा साक्षीदार पुरतो. झालेला संस्कार पुन्हा करायचा नसतो, तो आयुष्यात एकदाच. नीट चौकशी करूनही शंका उरली तर सशर्त करायचा, म्हणजे आधी म्हणायचं, "तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर…" आणि मग पाणी घालायचं.

पहिल्या घरात गेले. तुर्की कॉफी आली, राकीचा छोटा पेला आला, खडीसाखर आली. त्यांच्याकडे म्हण आहे की अल्बेनियन माणसाचं घर देवाचं आणि पाहुण्याचं. भारतातून आले म्हटल्यावर "नेने तेरेझा! नेने तेरेझा!" असा गलका झाला. मदर तेरेसा त्यांच्याच रक्ताच्या. त्यांची आई आणि बहीण तिरानात राहायच्या, दोघी वारल्या तरी मदरना शेवटचं भेटायलासुद्धा आत येऊ दिलं नव्हतं. त्या घरात मला लेकीसारखं बसवलं. मग मी पिशवीतून वही काढली.

खोली गप्प झाली. घरधनी उठून बाहेर गेला. बाईनं कॉफीचे कप गोळा केले आणि म्हणाली, "आमच्याकडे तसलं काही झालेलं नाही, मोतर." मोतर म्हणजे बहीण, सिस्टर. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरात तर मी पायरी चढायच्या आतच, "आमचं काही लिहू नका." महिना गेला, वहीत एक ओळ नाही.

मला वाटलं, माझी भाषा कच्ची आहे. आम्ही श्कोदरमध्ये शिकलो ती पुस्तकी अल्बेनियन. ती दक्षिणेच्या बोलीवर बेतलेली, आणि ही माणसं उत्तरेची गेग बोलणारी. शिवाय त्यांची मान उलटी हलते. आडवी हलली तर 'हो', वर झटका दिला तर 'नाही'. कितीतरी वेळा मी नकाराला होकार समजून हसत बसले. पण अडचण भाषेची नव्हती.

ती सांगितली गावच्या शाळेतल्या तरुण बाईंनी. त्या मला बोली शिकवायला यायच्या. म्हणाल्या, "मोतर, तुमच्या आधी या गावात वही घेऊन घरोघर फिरून 'बाळाला पाणी कुणी घातलं' असं विचारणारी माणसं कोण होती, माहीत आहे ना?"

त्यांनी मला एक शब्द शिकवला. 'बिओग्राफी'. शब्दाचा अर्थ जीवनचरित्र. पण तिथं बिओग्राफी म्हणजे पोलिसांकडची तुमच्या घराण्याची फाईल. काका तुरुंगात असेल, आजोबांची दोन बैलजोड्या जमीन असेल, आजीच्या उशाखाली जपमाळ सापडली असेल, तर तुमची बिओग्राफी वाईट. मग पोराला कॉलेज नाही, पोरीला चांगलं स्थळ नाही, एखाद्या रात्री सगळ्या कुटुंबालाच ट्रकमध्ये घालून कुठल्या तरी दलदलीच्या गावी वस्तीला. गुन्हा एकाचा, शिक्षा पिढ्यांना. आणि त्या फाईलमधली ओळ लिहून घेणारा बहुधा शेजारीच.

मी वही कपाटात ठेवली. रिकाम्या हातांनी जायला लागले. बायकांबरोबर डाळिंबं तोडली, मक्याची कणसं सोलली, घेवड्याच्या शेंगा निवडल्या. यातलं कुठलंच काम मला नवं नव्हतं. आम्ही वसईची माणसं, पानवेलीत आणि केळीच्या वाडीतच वाढलेली. हात चालू असले की तोंडंही उघडतात. हळूहळू तुकडे कानावर पडू लागले. माझ्या सासूनं रात्री खिडकीला गोधडी लावून पाणी घातलं. अमक्याचा बाप्तिस्मा गोठ्यात झाला. ईस्टरची लाल अंडी खाल्ल्यावर टरफलं चुलीत जाळायचो. मी खूश झाले. रात्री खोलीवर येऊन मेणबत्ती लावायची, वीज बहुतेक नसायचीच, आणि दिवसभराचं आठवून वहीत लिहायचं. अकरा पानं भरली.

डिसेंबरात एका घरी शेगडीपाशी बसलो होतो. घरातल्या माणसानं स्पाचच्या खाणीत सात वर्षं काढली होती. मिर्दिताच्या डोंगरातला तो तांब्या-गंधकाचा तुरुंग. तो सहसा बोलत नसे, त्या दिवशी बोलला. म्हणाला, "मारणाऱ्यांचा मला आता राग नाही. माझा एक जिवाभावाचा मित्र होता. रोज संध्याकाळी इथंच, तू बसलीस तिथं बसायचा. माझ्या ताटातलं खायचा. आणि रात्री घरी जाऊन मी काय बोललो ते लिहून काढायचा."

मला पुढचं ऐकू आलं नाही. घरी येताना पाय जड झाले होते. त्या मित्रानं जे केलं तेच मी इतके दिवस करत होते. हेतू वेगळा होता, पण बसणं तेच, खाणं तेच, रात्रीचं लिहिणंही तेच. मी ती अकरा पानं फाडली आणि एकेक करून शेगडीत घातली. सकाळी फादरांना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरं केलंत."

त्यानंतर मी एकच पद्धत धरली. बोलणं झालं की विचारायचं, "हे लिहू का?" नाही म्हटलं तर लिहायचं नाही, कुणाला सांगायचंही नाही. बहुतेक नाही म्हणायचे. आणि लिहायचं झालं तर त्यांच्यासमोर, त्यांच्याच टेबलावर, लिहिलेलं वाचून दाखवून. जानेवारीच्या अखेरीस एक बाई म्हणाली, "लिही. पण पेन्सिलीनं." मी पेन्सिलीनं लिहिलं. तिनं वही स्वतःकडे वळवली, पाहिलं, खोडरबर मागून घेतला आणि तो खिशात ठेवला. म्हणाली, "आता बरं वाटतं."

सहाही गावांत ते पसरलं असावं. लोक म्हणू लागले, भारतातली मोतर पेन्सिलीनं लिहिते. ओळी वाढू लागल्या.

नावाचा रकाना माझ्याकडून पहिल्यांदा छोटाच आखला गेला होता. 1975 मध्ये फर्मान निघालं होतं की राजकीय आणि वैचारिक दृष्ट्या न शोभणारी नावं बदला. मग संतांची नावं गेली आणि आग्रोन, तेउता अशी जुन्या इलिरियन राजाराण्यांची नावं आली. मार्क्स, एंगल्स, लेनिन एकत्र करून केलेलं 'मारेंग्लेन' हे नावही मी माझ्या कानांनी ऐकलंय. घरात मात्र आजी पोराला हळूच मार्क म्हणायची, पोरीला मारिये. मी माणसाला विचारायचे, "तुझं नाव काय?" आणि तो उलट विचारायचा, "कुठलं?" म्हणून मी पान पुन्हा आखलं, नावाला दोन रकाने.

आजीची गोष्ट इथून सुरू होते. मी तिला मराठीतच आजी म्हणायचे, तिला तो शब्द आवडला होता. डोंगरातल्या शेवटच्या घरात राहायची. ऐंशीच्या आसपासची, काटक, डोक्याला पांढरा रुमाल. वहीतल्या प्रत्येक तिसऱ्या माणसाच्या तोंडी तिचाच उल्लेख यायचा. "मला तिनं पाणी घातलं." "माझ्या दोन्ही मुलांना." एकदा तर शेजारच्या मुसलमान बाईनं मला सांगितलं, "ती पाणी घालायची तेव्हा मी अंगणात धुणं बडवत बसायचे. कुणी आलं तर मोठ्यानं हाक मारायची, एवढं माझं काम." तिनं इतकी वर्षं ते गुपित ठेवलं होतं. बेसा, म्हणजे दिलेला शब्द. तो मोडणं त्यांच्याकडे मरणाहून वाईट.

पण आजी कबूलच करेना. "मी? मी अडाणी बाई. मला काय येतंय!" मी तिच्याकडे जात राहिले. लाकडं फोडून द्यायचे, पाण्याचे हंडे आणायचे. पावणेदोन वर्षांनी, 1995 च्या शरद ऋतूत, तिनं फडताळातून एक कॉफीचा कप काढला. इवलासा, कान तुटलेला. माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "हा."

मग दोन दिवस ती बोलत होती. त्रेचाळीस जण. साल नाही आठवत, पण हंगाम आठवतो: मक्याची कापणी होती, बर्फ होतं, सहकारीचा मुकादम वारला त्या आठवड्यात. ती गावात बाळंतपणाला जायची, म्हणून बाळाला आंघोळ घालताना तिच्यावर कुणी संशय घेत नसे. शब्द तिला तिच्या आईनं शिकवले होते. मी म्हटलं, म्हणून दाखव. तिनं रुमाल नीट केला, उभी राहिली आणि म्हणाली. एकही शब्द चुकला नव्हता.

तिला तेव्हा माहीत नव्हतं आणि मलाही नंतर कळलं, पण अल्बेनियन भाषेतलं सापडलेलं सगळ्यात जुनं लिहिलेलं वाक्य हेच आहे. 1462 साली आर्चबिशप पाल एंजेली यांनी लॅटिन पत्रात लोकांच्या भाषेतलं एक वाक्य घातलं: "उन्ते पागेझोंत प्रेमेनित आतित एत बिरित एत स्पेर्तित सेनित." मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो. ज्यांना बाळ चर्चपर्यंत नेता येत नाही त्या आईबापांनी घरीच पाणी घालावं, म्हणून. एका भाषेचं पहिलं लिखित वाक्य संकटातल्या घरासाठी लिहिलं गेलं, आणि पाचशे वर्षांनी या बाईनं कान तुटलेल्या कपानं तेच केलं.

त्रेचाळीस ओळी झाल्या. 'संस्कार कुणी केला' या रकान्यात मात्र स्वतःचं नाव घालायला तिनं साफ नकार दिला. पेन्सिलीनंही नाही. मी तो रकाना कोरा सोडला.

मी निघताना तिनं हात धरला. म्हणाली, "आणखी एक आहे."

तो तिचा नातू. 1974 चा जन्म. तिचा मुलगा पक्षाचा सभासद होता, सहकारीत हिशेबनीस. तो घरी असताना ती कधी असलं काही करत नसे, पण बाळ तापानं फणफणलेलं, जाईल असं वाटत होतं. मुलगा बाहेरच्या खोलीत होता. तिनं कपात पाणी घेतलं. तेवढ्यात त्यानं रेडिओ लावला, मोठ्यानं. तिला वाटलं, तो उठलाय, आता आत येतोय. तिची जीभ टाळूला चिकटली. पाणी तिनं घातलं, पण शब्द फक्त मनात म्हटले. ओठ हलले की नाही हेसुद्धा तिला आठवत नव्हतं. "लोकांच्या पोरांना मी शब्द दिले," ती म्हणाली, "माझ्याच पोराला मुकं पाणी दिलं." एकवीस वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मी फादरांना सांगितलं. त्यांनी तिला तीन वेळा बोलावून घेतलं, शांतपणे विचारलं. शंका फिटेना. सशर्त करायचं ठरलं. त्याआधी नातवाची तयारी. एकवीस-बावीस वर्षांचा तरुण, दोनदा ग्रीसला चालत जाऊन मजुरी करून आलेला. त्याला मी तो सगळा हिवाळा शिकवलं. त्याचे प्रश्न अवघड होते. "देव होता तर इतकी वर्षं गप्प का होता?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि मी ते बनवून सांगितलं नाही. एकदा म्हणाला, "होजाच्या काळात आजीच्या गावाला डॉक्टर यायचा. आता येत नाही." तेही खरं होतं. त्या राजवटीनं दलदली आटवून हिवताप घालवला, डोंगरातल्या बायांना लिहायला-वाचायला शिकवलं, 1970 पर्यंत शेवटच्या गावात वीज नेली. धर्मप्रचारक म्हणून तिथं आलेल्या माणसानं हे नाकारलं तर पुढं त्याचं कुणी ऐकणार नाही, आणि ऐकू नये. आमच्यातल्याच काहींचं वागणं मला सलायचं, तेही सांगते. त्या वर्षांत परदेशांतून किती तरी मंडळी ट्रक भरून कपडे, पीठ, डबाबंद दूध घेऊन यायची आणि दाराशी नावं लिहून घ्यायची. भुकेल्या माणसाकडून श्रद्धेची सही घ्यायची नसते. आम्ही पीठ एका दारातून वाटायचो आणि धर्मशिक्षण दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या जागी. फादरांचा हा नियम मी शेवटपर्यंत पाळला.

1996 च्या ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, चर्चच्या मागच्या खोलीत तो विधी झाला. सशर्त संस्कार गाजावाजा न करता करायचा असतो. फादर, नातू, आजी, मी. कप आजीनं आणला होता. फादरांनी तिच्या हातून तो घेतला आणि म्हणाले, "तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर, मी तुला…" आजी प्रत्येक शब्दाबरोबर ओठ हलवत होती, मोठ्यानं.

दारात कुणीतरी उभं होतं. तिचा मुलगा. टोपी हातात. तो चर्चमध्ये कधी आला नव्हता. विधी संपल्यावर तो आईकडे बघून म्हणाला, "मला माहीत होतं तू आत काय करतेयस ते. मी रेडिओ म्हणूनच लावला. मोठ्यानं. तुला बोलता यावं म्हणून. आमचा शेजारी तेव्हा ओट्यावर बसला होता."

आजी त्याच्याकडे बघत राहिली. मग जवळच्या बाकावर बसली. किती वेळ कुणी बोललं नाही. मी आजवर अनेक प्रवचनं ऐकलीत, पण बावीस वर्षं एका घरात आई आणि मुलगा एकमेकांना वाचवत होते आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं, याच्यापुढे मला काही सुचत नाही.

पुढच्याच वर्षी देश पुन्हा मोडला. पैसे काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट करून देण्याचं आश्वासन देणाऱ्या योजना निघाल्या होत्या. लोकांनी गाई विकून, घरं विकून, ग्रीस-इटलीतल्या मजुरीचे पैसे त्यांत घातले. या योजनांचं देणं देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ निम्म्यावर गेलं होतं. 1997 च्या सुरुवातीला त्या एकामागून एक बुडाल्या. मार्चपर्यंत लष्कराची शस्त्रागारं फुटली, पाच लाखांहून जास्त हत्यारं लोकांच्या हाती गेली. रात्रभर गोळ्यांचा आवाज. आनंदानं हवेत उडवलेल्या कुठल्या आणि कुणाला मारलेल्या कुठल्या, ओळखू यायचं नाही. वरिष्ठांचा आदेश आला: परदेशी सिस्टरांनी निघा. आम्हाला एका इटालियन जहाजानं बारीला नेलं. फादर राहिले. मी एका पिशवीनिशी गेले, आणि वही टेबलाच्या खणात राहिली. बोटीवर ते लक्षात आलं. त्या नावांचं काय झालं असेल या विचारानं बारीत मला झोप नव्हती. त्यांनी विश्वासानं दिलेली नावं मी खणात सोडून आले होते.

मे महिन्यात परतले. आमच्या घराचं दार उखडलेलं, भांडी, चादरी, टेबलसुद्धा गेलेलं. फादर दुसऱ्या गावी आजाऱ्यांकडे होते तेव्हा हे झालं. वहीचं नाव कुणी काढेना. मी कुणाला विचारलं नाही. कोणत्या तोंडानं विचारणार?

चार दिवसांनी आजीकडे गेले. तिनं दार लावून घेतलं, पिठाच्या लाकडी पेटीचं झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मक्याच्या पिठातून कापडात गुंडाळलेली वही काढली. लुटालूट सुरू झाली त्या संध्याकाळी तिचा मुलगा आणि नातू डोंगर उतरून गेले होते. बाकी काही त्यांनी वाचवलं नाही.

आजीनं हात रुमालाला पुसले आणि वही उघडली. तिला वाचता येत होतं, हळूहळू, बोट ठेवून. राजवटीनंच शिकवलं होतं ते. एकेक ओळ तिनं पाहिली. पिठाची पांढरी बोटं पानांवर उमटत होती. मग विचारलं, "यात मी कुठं आहे?"

मी तिला कोरा रकाना दाखवला.

"लिही," ती म्हणाली. "शाईनं."

मी लिहू लागले. प्रत्येक ओळीला ती जपमाळेचा एक मणी पुढं सरकवायची. त्रेचाळीस झाले. चव्वेचाळिसाव्या ओळीत त्या रकान्यात फादरांचं नाव आधीच होतं. मी पेन खाली ठेवलं. तिनं माझा हात धरून पुढच्या रकान्यावर नेला, साक्षीदाराच्या. तो रिकामा होता.

"इथं त्याचं लिही," ती म्हणाली, "ज्यानं रेडिओ लावला."